झाडीपट्टीच्या उन्हात ऑर्किड : एक प्रस्तावना

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बहुतेक वाचकांची ऑर्किडशी पहिली ओळख होते ती लग्नमंडपात. मंचाच्या सजावटीत आणि स्वागताच्या गुच्छात लांब दांड्यांवरची जी जांभळी-पांढरी फुले दिसतात, ती डेंड्रोबियमची. अलीकडे वाढदिवसाला, गृहप्रवेशाला फॅलेनॉप्सिसची फुललेली कुंडी भेट म्हणून येऊ लागली आहे. फुले दोन-दोन महिने टिकतात, येणारा-जाणारा कौतुक करतो. मग एप्रिल लागतो, पाने लोळतात, आणि घरातली मंडळी ठरवून टाकतात की हे झाड आपल्या हवेचे नव्हे. ते सिक्कीमचे, केरळचे, थायलंडचे. हा समज स्वाभाविक आहे, पण तो अपुरा आहे. झाडीपट्टीतल्या माणसाने तो मनात ठेवून या विषयाकडे पाठ फिरवू नये, एवढ्यासाठी हा प्रपंच.

वाचकांनी आधी आपल्याच गावातल्या एखाद्या जुन्या आंब्याकडे किंवा मोहाकडे मान वर करून पाहावे. जिथे जाड फांदी खोडाला मिळते तिथे पट्ट्यासारख्या जाड, बाकदार, मध्ये दुमडलेल्या पानांचा एक झुबका दिसण्याची चांगलीच शक्यता आहे. पानांची टोके कुणी कुरतडल्यासारखी, आणि खाली फांदीला बिलगलेली किंवा हवेत लोंबणारी पांढुरकी, बोरूएवढी जाड मुळे. ही व्हँडा टेसेलाटा. मध्य भारतातल्या कोरड्या पानझडी जंगलांची ही जुनी रहिवासी आहे. वैद्यकीच्या काही परंपरांत हिची मुळे रास्ना म्हणून वापरली जातात. उन्हाळा सरत येतो आणि पाऊस तोंडावर असतो, त्या सुमाराला तिला फुले येतात. पिवळसर हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी रेघांची चौकडी, पाकळ्यांची मागची बाजू पांढरी, मधली ओठासारखी पाकळी जांभळट निळी, आणि जवळ गेल्यावर कळणारा गोड वास. बाजारातल्या संकरित फुलांसारखी ती मोठी नसतात, म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्याच्या नजरेत भरत नाहीत. पण आज जगभर विकल्या जाणाऱ्या व्हँडांच्या प्रजातीचे हे आपले घरचे माणूस आहे, आणि ४५ अंशांच्या उन्हात, कुणी पाणी न घालता, ते पिढ्यान्‌पिढ्या जगत आले आहे. आपल्या हवेत ऑर्किड जगते की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या फांदीवर आधीच लिहिलेले आहे.

या झुबक्याला गावोगावी बांडगूळ समजले जाते, आणि त्याची शिक्षा त्याला भोगावी लागते. आंब्याची साफसफाई करताना कोयत्याने तो खरवडून टाकतात. खरे बांडगूळ वेगळे. ते आंब्या-मोहाच्या फांदीत आपले शोषक मूळ खुपसते, झाडाच्या आतले पाणी ओढून घेते, आणि पुढे ती फांदी वाळते. त्याची पाने गोलसर-लांबट असतात, फुले नळीसारखी, आणि चिकट गराची फळे पक्षी एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. ऑर्किडचे मूळ सालीच्या आत शिरत नाही. ते सालीला फक्त धरून राहते. पाणी पावसातून आणि दवातून घेते, खत सालीच्या फटीत साठलेल्या पालापाचोळ्यातून आणि धुळीतून मिळवते. यजमान झाडाचे त्यात काहीच जात नाही. तुमच्या वाडीतल्या आंब्यावर असा झुबका असेल तर तो राहू द्यावा. ऑर्किड सांभाळण्याची ही पहिली आणि सर्वांत सोपी पायरी आहे. तिला एक रुपयाही लागत नाही.

आता या कुळाचा विस्तार थोडा पाहू. जगात ऑर्किडच्या सुमारे २८ हजार जाती आहेत. सपुष्प वनस्पतींमधल्या सर्वांत मोठ्या कुळांपैकी हे एक. आइस्क्रीममधला व्हॅनिला हीसुद्धा एका ऑर्किडचीच शेंग. भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाने २०१९ साली देशातल्या ऑर्किडांचा जो सचित्र ग्रंथ काढला, त्यात १,२५६ जातींची नोंद आहे, आणि त्यांतल्या ३८८ जाती भारताबाहेर कुठेच आढळत नाहीत. निम्म्याहून अधिक जाती झाडांवर वाढणाऱ्या आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला शंभराहून अधिक जाती येतात आणि त्यांतल्या बहुसंख्य सह्याद्रीत आहेत. त्यामुळे मराठीत ऑर्किडांवर जे लिहिले गेले तेही सह्याद्रीच्या बाजूने. यामागे इतिहासही आहे. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा पायाभूत ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा आपला चांदा जिल्हा, म्हणजे आजचा चंद्रपूर-गडचिरोलीचा भाग, मध्य प्रांतात होता. साहजिकच तो त्या ग्रंथाबाहेर राहिला. फादर सांतापाव आणि कपाडिया यांचा मुंबईच्या ऑर्किडांवरचा १९६६ सालचा ग्रंथ याच परंपरेतला. संपूर्ण राज्याच्या एकदल वनस्पतींचा सर्वेक्षण विभागाचा खंड १९९६ साली आला, तेव्हा पूर्व विदर्भ आणि कोकण एका पुस्तकात शेजारी-शेजारी बसले.

म्हणून नवशिक्या वाचकाला एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवावीशी वाटते. घरी ऑर्किड कसे सांभाळावे यावरची बहुतेक पुस्तके आणि सल्ले दमट हवेत राहणाऱ्यांनी लिहिले आहेत. कोकण, केरळ, बंगळूर, फार तर पुणे. ते चुकीचे नाहीत, पण मे महिन्यातल्या बल्लारपूरला किंवा सिरोंच्याला ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपल्याला आपले वेळापत्रक बसवावे लागते, आणि ते बसवण्यासाठी आंब्यावरच्या त्या व्हँडाइतका चांगला शिक्षक दुसरा नाही.

तिच्याकडून शिकायचे ते असे. तिची मुळे उघडी आहेत. त्यांच्यावर मेलेल्या पेशींचे पांढरे आवरण असते, ज्याला वनस्पतिशास्त्रात व्हेलामेन म्हणतात. पावसाची सर आली की हे आवरण टीपकागदासारखे पाणी शोषते आणि आतला हिरवा रंग वर दिसू लागतो. सर थांबून वारा सुटला की काही तासांत मूळ पुन्हा रुपेरी होते. भिजणे आणि वाळणे, या दोन्हींची त्या मुळाला सारखीच गरज आहे. घरी आणलेली ऑर्किडे मरतात ती बहुतेक वेळा तहानेने नव्हे. सतत ओल्या राहिलेल्या कुंडीत मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मुळे कुजली की झाड पाणी घेऊ शकत नाही, पाने सुरकुततात, ती पाहून घरचा माणूस आणखी पाणी घालतो. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मे काम झाले : पाणी घालण्याआधी पानाकडे नव्हे, मुळाकडे पाहावे. मूळ हिरवे असेल तर थांबावे. रुपेरी झाले असेल तर घालावे.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण आपल्या उन्हाळ्यात ती फार कामाची आहे. बहुतेक झाडे दिवसा पानांची रंध्रे उघडून हवा आत घेतात आणि त्याबरोबर पाणी गमावतात. व्हँडा, फॅलेनॉप्सिस आणि जाड पानांच्या इतर अनेक ऑर्किडांनी हा व्यवहार रात्रीवर ढकलला आहे. दिवसभर रंध्रे मिटलेली. रात्री हवा थोडी निवली की ती उघडतात, कर्बवायू साठवून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी उजेडात वापरतात. निवडुंगाची रीतही हीच. यातून आपल्याला काय करायचे ते आपोआप कळते. भर उन्हाळ्यात दुपारी पानांवर पाणी मारण्यात अर्थ नाही. त्यातही छतावरच्या टाकीतले पाणी त्या वेळी कढत झालेले असते. नळी सुरू करून आधी ते गरम पाणी जाऊ द्यावे लागते. पहाटे मुळे चांगली भिजवावीत, आणि सूर्य मावळल्यावर मुळांवर पुन्हा हलका फवारा द्यावा, म्हणजे रात्री झाड श्वास घेते त्या वेळी आसपास ओलावा असतो. फॅलेनॉप्सिसच्या बाबतीत मात्र एक पथ्य आहे. तिच्या मधल्या पानांच्या बेचक्यात पाणी साचून रात्रभर राहिले तर गाभा कुजतो. म्हणून संध्याकाळी तिच्या पानांवर पाणी पडू देऊ नये, पडलेच तर कापडाने टिपून घ्यावे.

तिसरी गोष्ट उजेडाची. व्हँडा फांदीवर असते, पण पानांच्या आडोशाला. ऊन तिच्यापर्यंत गाळून येते. पानगळीच्या जंगलात तर हिशेब आणखी सूक्ष्म असतो. पानझड झाल्यावर ऊन थेट पोहोचते, पण तेव्हा ते हिवाळा सरतानाचे ऊन असते. उन्हाळा चढतो तशी मोहाला, कुसुमाला नवी पालवी फुटते आणि सावली परत येते. घरी हे काम हिरवी शेडनेट करते, आणि तिच्याआधीपासून आपल्याकडे अंगणात फांद्यांचा मांडव घालण्याची पद्धत आहेच. त्या मांडवाखालची जागा डेंड्रोबियमला उत्तम मानवते. उजेड योग्य आहे की नाही ते पान सांगते. गर्द काळपट हिरवे आणि लांबुडके झाले तर उजेड कमी. फिकट पोपटीकडे झुकले तर बेताचा. लालसर किंवा जांभळट छटा आली तर ऊन जास्त. नवशिक्यांना गर्द हिरवे पान निरोगी वाटते आणि मग फूल का येत नाही याचे कोडे पडते.

आता आपल्या घरातल्या एका उपकरणाबद्दल, ज्याचा उल्लेख ऑर्किडच्या पुस्तकांत सहसा सापडणार नाही : कुलर. विदर्भातल्या घराघरांत मार्चअखेरीपासून कुलर लागतो. वातानुकूलन यंत्र हवेतला ओलावा काढून घेते आणि कुलर तो हवेत सोडतो; म्हणून ऑर्किडच्या दृष्टीने कुलरची खोली कधीही चांगली. कुंडी कुलरच्या थेट झोतात ठेवू नये, कारण त्या वाऱ्याने मुळे फार लवकर सुकतात. बाजूला, खिडकीजवळ, जिथे सौम्य ओली हवा फिरते तिथे ठेवावी. नवतपाच्या दिवसांत चंद्रपूरचा पारा ४७ अंशांपलीकडेही जातो. त्या काळात फॅलेनॉप्सिस याच खोलीत राहावी. मात्र कुलरच्या टाकीतले उरलेले पाणी ऑर्किडला घालण्याचा मोह टाळावा. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. दिवसेंदिवस भर घातलेल्या त्या टाकीत ते साठत जातात. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणीही याच कारणाने वर्ज्य. आपल्याकडच्या बोअरवेलचे पाणी मुळातच जड असते. कुंडीच्या काठाला पांढरा थर धरू लागला तर तो इशारा समजावा. पावसाचे पाणी साठवता आले तर त्यासारखे दुसरे काही नाही. ते संपल्यावर साध्या पाण्यात यंत्राने शुद्ध केलेले पाणी मिसळून द्यावे, आणि महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर पाणी वाहू देऊन क्षार धुऊन काढावेत.

चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर, दुर्गापूर या भागांत राहणाऱ्यांना आणखी एक काम आहे. कोळशाच्या आणि राखेच्या धुळीचा थर पानांवर बसतो आणि उजेड अडवतो. आठवड्यातून एकदा ओल्या मऊ कापडाने पाने दोन्ही बाजूंनी पुसावीत. हे काम करताना पानाच्या मागे दडलेली खवले कीड आणि पिठ्या ढेकूणही हाती लागतो, म्हणजे दोन कामे एकदम होतात.

कुणाला कोणते झाड निवडावे असा प्रश्न पडेल. माझे मत स्पष्ट आहे : सुरुवात डेंड्रोबियमने करावी. ते ऊन सोसते, चुका पोटात घालते, आणि त्याच्या उसासारख्या कांड्यांत पाणी व अन्न साठलेले असते, त्यामुळे दोन-चार दिवस गावाला गेलात तरी रुसत नाही. जुनी, पाने गळालेली कांडी वाळली असे समजून कापू नये. तोच त्याचा कोठा आहे, आणि कधी कधी त्याच कांडीवर नवे पिल्लू फुटते. त्यानंतर व्हँडाचे संकर घ्यावेत. ते लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत, कोणतेही माध्यम न घालता, मुळे लोंबती सोडून वाढवतात. त्यांना रोज पाणी लागते, म्हणून घरात रोज सकाळी कुणीतरी नेमाने पाणी देणारे असेल तरच आणावेत. फॅलेनॉप्सिस ही घराच्या आतली. तिला फुलांचा दांडा येण्यासाठी काही आठवडे २५ अंशांखालचे वातावरण लागते, आणि ते आपल्याकडे नोव्हेंबरपासून आपसूक मिळते. इथे आपण मुंबईकरांपेक्षा सुदैवी आहोत. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरला की तिला आत घ्यायचे, एवढेच. सिंबिडियमची मोहक कुंडी कुठे दिसली तर पाहून आनंद घ्यावा. बाजारात मिळणारे त्याचे संकर थंड डोंगरांचे आहेत आणि आपल्या उन्हाळ्यात त्यांना ठेवणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

कुंडीतले माध्यम म्हणजे माती नव्हे, हे आता वेगळे सांगायला नको. लाकडी कोळशाचे तुकडे, भाजलेल्या विटेचे तुकडे, आणि नारळाच्या शेंडीचे पाण्यात मुरवून धुतलेले तुकडे, एवढ्यावर काम भागते. कोळसा म्हणताना आपल्या जिल्ह्यात खुलासा हवाच : तो चुलीचा लाकडी कोळसा, खाणीतला दगडी नव्हे. उन्हाळ्यात शेंडीचे प्रमाण थोडे वाढवावे, पावसाळ्याआधी विटा-कोळशाचे. नर्सरीतून आलेली फॅलेनॉप्सिस बहुधा दाबून भरलेल्या शेवाळात असते. वरून ते कोरडे वाटते पण आत, मुळांच्या मधोमध, ओलेच असते. फुले उतरल्यावर ते शेवाळ हलक्या हाताने काढून झाड मोकळ्या माध्यमात लावावे. खत अगदी पातळ द्यावे. कृषी केंद्रात मिळणारे १९:१९:१९ लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही मुळे आधी साध्या पाण्याने भिजवून. थंडीत वाढ मंदावते तेव्हा खत जवळजवळ बंद.

ज्यांच्या घरामागे सांदवाडी आहे आणि तिच्यात एखादे जुने झाड आहे, त्यांना शहरी फ्लॅटमधल्या माणसाला मिळणार नाही असे सुख मिळू शकते : ऑर्किड कुंडीत न ठेवता थेट झाडावर बांधणे. आंबा, मोह, चिंच, फणस ही झाडे चांगली, कारण त्यांची साल खडबडीत असते आणि टिकून राहते. पेरू आणि निलगिरी टाळावे, साल सोलून पडते, अर्जुनाचेही तेच. बांधण्याचा काळ मृग लागल्यानंतरचा. पावसाळ्याच्या ओल्या हवेत नवी मुळे फुटतात आणि दिवाळीपर्यंत सालीला घट्ट धरतात. खोडाची पूर्वेकडची किंवा उत्तरेकडची बाजू निवडावी, म्हणजे पश्चिमेचे तिरपे ऊन लागत नाही. सुतळीने किंवा सुती कापडाच्या पट्टीने बांधावे. तांब्याची तार कधीही वापरू नये, तांबे ऑर्किडला विषासारखे आहे. पहिल्या उन्हाळ्यात रोज पाणी द्यावे लागते. त्यापुढे, मुळांचे जाळे पसरल्यावर, झाड बरेचसे स्वतःचे स्वतः पाहते.

एवढे वाचल्यावर एखाद्या वाचकाच्या मनात साहजिक विचार येईल : जंगलात एवढी ऑर्किडे आहेत, तर तिथूनच का आणू नयेत? या प्रश्नाशी थोडे थांबायला हवे, कारण या विषयाचा गाभा इथे आहे.

ऑर्किडच्या एका शेंगेत लाखो बिया असू शकतात, पण त्या धुळीइतक्या बारीक. बाकीच्या बियांत रोपासाठी अन्नाची शिदोरी बांधून दिलेली असते, तशी यांत नसते. अशी बी रुजायची तर तिला योग्य बुरशी भेटावी लागते. ती बुरशी बीच्या आत शिरते आणि ऑर्किडचा गर्भ तिच्याकडून अन्न घेत वाढतो. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांना १८९९ साली हे गुपित प्रथम उलगडले. तोवर युरोपातल्या धनिकांच्या काचघरांत ऑर्किडांचे वेड पसरले होते, बी रुजवता येत नव्हते, आणि म्हणून सगळी झाडे जंगलांतून ओरबाडून नेली जात होती. आपल्या खासी टेकड्यांनी ते भोगले आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८५० साली तिथे गेले तेव्हा निळ्या व्हँडाच्या सात माणसांच्या ओझ्याइतक्या वनस्पती त्यांनी इंग्लंडातल्या क्यू उद्यानासाठी गोळा केल्या, आणि त्यांतल्या थोड्याच जिवंत पोहोचल्या, असे त्यांनी स्वतःच आपल्या हिमालयाच्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. पुढे १९२२ साली अमेरिकेतल्या लुईस नडसन यांनी दाखवून दिले की बाटलीतल्या साखरयुक्त आगरवर बुरशीशिवायही बी रुजते. १९६० साली फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी शेंड्याच्या पेशींपासून एकाच झाडाची हजारो रोपे करण्याची वाट खुली केली. आज तुमच्या हातात काहीशे रुपयांत डेंड्रोबियमची कुंडी येते ती या दोन शोधांमुळे. ज्या झाडाला जन्मच बाटलीत मिळाला आहे, ते घरी आणण्यात कुठल्याच जंगलाचे नुकसान नाही. भारतातही या कामासाठी स्वतंत्र संस्था आहे. सिक्कीममधल्या पाकयाँगचे राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र १९९६ साली सुरू झाले.

जंगलातले ऑर्किड उपटून आणले तर काय होते ते वरच्या सगळ्यावरून दिसतेच. फांदीवरून खरवडताना मुळे तुटतात. जी वाचतात ती त्या सालीला, त्या उजेडाला सरावलेली असतात. जमिनीवरच्या जातींचे तर आणखी अवघड. पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर आपल्या जंगलांत अमरकंदाच्या युलोफियांचे, हबेनेरियांचे दांडे गवतातून वर येतात आणि पावसाळा सरला की नाहीसे होतात. वर्षातले कितीतरी महिने ती कंदाच्या रूपात जमिनीखाली झोपलेली असतात. त्यांचे जगणे त्या जागच्या मातीशी आणि तिच्यातल्या बुरशीशी बांधलेले आहे. कुंडीत ती एखादा पावसाळा काढतात, मग कंद आटतो. औषधासाठी कंद खणण्याची रीत आहे, तिचाही ताण या जातींवर आहेच.

कायदाही या बाजूने उभा आहे. राष्ट्रीय उद्यानातून किंवा अभयारण्यातून कोणतीही वनस्पती उचलणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. १९५५ सालापासून राष्ट्रीय उद्यान असलेला ताडोबा असो की प्राणहितेकाठचे चपराळा. राखीव जंगलात भारतीय वन अधिनियम लागू आहे. जगातली सगळी ऑर्किडे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला आळा घालणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत आहेत. आपल्या भागात मात्र याहून जवळची एक व्यवस्था आहे, आणि तिचा अभिमान वाटावा अशी ती आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला, आणि पुढे जिल्ह्यातल्या शेकडो गावांनी तीच वाट धरली. अशा गावांत जंगलात काय काढावे आणि काय राखावे हे ग्रामसभा ठरवते. वादळाने उन्मळलेल्या मोहावर ऑर्किडचा झुबका असेल, तर ते लाकूड फोडण्याआधी झुबका सोडवून शेजारच्या झाडावर बांधावा, असा साधा ठराव कोणतीही ग्रामसभा करू शकते. रस्ता रुंद करताना तोडल्या जाणाऱ्या जुन्या आंब्यांच्या बाबतीतही हे करता येईल. तिथे वनखात्याला आणि ग्रामपंचायतीला विचारून पुढे जावे. उचलायचेच तर अशा पडलेल्या झाडांवरचे, परवानगीने, आणि लावायचे ते त्याच शिवारात.

जुनी झाडे राखणे हेही ऑर्किड राखण्याचेच काम आहे. कोवळ्या झाडाच्या गुळगुळीत सालीवर बी टेकत नाही. फटी, शेवाळ आणि बुरशी यायला झाडाचे वय व्हावे लागते. आलापल्लीजवळचा सागाच्या जुन्या वृक्षांचा जो भाग ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणून ओळखला जातो, तो २०१४ साली महाराष्ट्रातले पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाला. तिथे किंवा कुठल्याही जुन्या राईत जाल तेव्हा दुर्बीण बरोबर घ्यावी. वाघासाठी ती सगळेच घेतात. एकदा ती फांद्यांकडे वळवून पाहावी. जाड पानांचा झुबका दिसला तर व्हँडा. त्याहून आखूड, घट्ट दोन ओळींत रचलेल्या चामड्यासारख्या पानांचा असेल आणि छोट्या पिवळ्या फुलांवर तांबडे पट्टे असतील तर ॲकॅम्पे. पन्हाळीसारख्या पानांची, फांदीला चिकटलेली, लोंबत्या तुऱ्याची रिंकोस्टायलिस दिसली तर दिवस सार्थकी लागला असे समजावे; हिलाच आपल्याकडे सीतेची वेणी म्हणतात, आणि आसाममध्ये बिहूच्या सणात मुली हीच केसांत माळतात.

विषयाची ओळख करून घेण्याचा क्रम मी वाचकांना सुचवतो तो असा. आधी एक पूर्ण वर्ष गावातला एखादा झुबका पाहावा. तो कधी मुळे फोडतो, कधी फुलतो, मे महिन्यात पाने किती आकसतात. मग एक डेंड्रोबियम आणावे, तेही पावसाळ्याच्या तोंडाला, म्हणजे त्याला आपल्या हवेशी जुळवून घ्यायला चार-सहा महिने मिळतात. मार्चमध्ये आणलेल्या झाडाला ती सवड मिळत नाही. ते एक उन्हाळा पार करून फुलले की दुसऱ्या झाडाचा विचार करावा. घाई करणाऱ्याचे या छंदात पैसे जातात, झाडेही जातात.

आणि पाहिलेले लिहून ठेवावे. पूर्व विदर्भातल्या ऑर्किडांच्या शास्त्रीय नोंदी ग्रंथांत आहेत, पण कोणत्या गावात कोणत्या झाडावर कोणती जात कोणत्या आठवड्यात फुलते, माडिया आणि गोंडी बोलणारी माणसे तिला काय म्हणतात, कशासाठी वापरतात, हे तिथल्या माणसांनीच टिपायला हवे. वहीच्या एका पानाला तारीख, गावाचे नाव, यजमान झाड, जमिनीपासून अंदाजे उंची, मुळांची आणि फुलांची अवस्था, आणि त्या आठवड्यात पाऊस झाला की नाही, एवढे पुरते. शाळेतली मुले हे काम मोठ्यांपेक्षा चांगले करतात, कारण त्यांना झाडांकडे वर पाहण्याची सवय असते. छायाचित्र घ्यावे, फूल तोडू नये. दुर्मीळ जात सापडली आणि ती इतरांना सांगावीशी वाटली, तर तालुक्याचे नाव द्यावे, नेमके झाड सांगू नये. ऑर्किडच्या शोधात फिरणारे विक्रेते अशा नोंदी वाचतात. गावच्या जैवविविधता नोंदवहीत मात्र ते झाड जरूर लिहून घ्यावे. ती वही २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला ठेवायला सांगितली आहे, आणि तिच्यात ऑर्किडांसाठी जागा आहे.